पाहुण्यांनी भरलेले घर आणि जेवणानंतरची दुपार

नवरात्र, कोजागरी आणि पाठोपाठ दिवाळी असे दिवस जवळ आले की या सदराकडे येणाऱ्या पत्रांचा विषय आपोआप बदलतो. एरवी भाडेकरार, वारसनोंद आणि शेजाऱ्यांच्या तक्रारी यांविषयी विचारणाऱ्या वाचकांना या महिन्यात एकच चिंता आहे : नातेवाईक जमणार, घरात सगळ्या वयांची माणसे असणार, तेव्हा फार गाजावाजा न करता सर्वांचा वेळ बरा कसा जावा. म्हणून या वेळचे संपूर्ण सदर त्याच विषयाला दिले आहे. जागेअभावी पत्रे संक्षिप्त केली असून नावे वगळली आहेत.

प्रश्न : आम्ही कोथरूडला दोन शयनगृहांच्या सदनिकेत राहतो. यंदा भाऊबीजेला दोन्हीकडची मिळून पंचवीस माणसे आमच्याकडे जमणार आहेत. सर्वांत लहान पाहुणा पाच वर्षांचा आहे आणि सर्वांत मोठ्या आत्याबाई चौऱ्याऐंशीच्या आहेत. जेवणे दीडपर्यंत आटोपतात आणि चहा चारला होतो. मधल्या वेळात पुरुषमंडळी टीव्हीसमोर, मुले मोबाइलवर आणि बायका ओट्याशी अशी पांगापांग होते. गेल्या वर्षी माझ्या जावेने एका निवेदिकेला बोलावून खेळ घेतले. ध्वनिक्षेपक होता, बक्षिसे होती. पण आत्याबाई आतल्या खोलीत जाऊन पडल्या आणि दोन मुली बाद झाल्या म्हणून रडल्या. साधे, शांत आणि सर्वांना सामावून घेणारे काही सुचवावे. (एक वाचक, कोथरूड)

उत्तर : दोष त्या निवेदिकेचा नाही. ध्वनिक्षेपक आला की घराचे सभागृह होते, आणि सभागृहात माणसे दोनच प्रकारची उरतात, पुढे उभी असलेली आणि समोर बसलेली. घरच्या करमणुकीला मी एकच कसोटी लावते. ज्या खेळातून मध्येच उठून चहाचे आधण ठेवून येता येते, परत आल्यावर पुन्हा सामील होता येते, खेळायचे नसेल तर शेजारी बसून नुसते शेरे मारता येतात आणि हरणाऱ्याला उभे राहून काही करून दाखवावे लागत नाही, तो खेळ घरात चालतो.

मात्र खेळ निवडण्याआधी बैठक लावावी, कारण पांगापांग खेळांच्या अभावी होत नाही, ती खुर्च्यांच्या मांडणीमुळे होते. बहुतेक सदनिकांत सोफ्याचे तोंड टीव्हीकडे असते. त्या दिवसापुरता तो फिरवावा, सोफा आणि खुर्च्या यांचे अर्धवर्तुळ करावे, पुढ्यात सतरंजी घालावी आणि मधोमध एक ठेंगणा चौरंग किंवा टीपॉय ठेवावा, म्हणजे आत्याबाई खुर्चीत आणि पाच वर्षांचा नातू सतरंजीवर असूनही दोघांचे हात एकाच चौरंगापर्यंत पोहोचतील. आतल्या खोलीत स्टुलावर कॅरम मांडावा. याहून अधिक अड्डे करू नयेत. कॅरमच्या बोरिक पावडरीची डबी चिवड्याच्या ताटल्यांपासून आणि लहान मुलांच्या हातापासून दूर ठेवावी, कारण ती पोटात जाणे धोक्याचे असते आणि गर्दीच्या घरात हे कोणाच्या लक्षात राहत नाही.

आता प्रत्यक्ष खेळ. भोंडल्यात खिरापत ओळखण्याची जी रीत आहे, ती केवळ भोंडल्यापुरती का ठेवायची, हे मला कधी समजले नाही. घट्ट झाकणाचा डबा सर्वांसमोर येतो, यजमानीण तो कानाशी हलवून दाखवते आणि प्रश्न सुरू होतात : गोड की तिखट, तळलेले की भाजलेले, ओले की कोरडे, डाळीचे की रव्याचे. या खेळाला ताकद, पाठांतर किंवा शिक्षण काहीच लागत नाही, आणि ज्याने आयुष्यभर स्वयंपाक केला ती व्यक्ती व ज्याने नुसते खाल्ले ती व्यक्ती बहुधा सारखीच चुकतात. भाऊबीजेला लाडू, चकली, करंजी सर्वांना तोंडपाठ असतात. म्हणून डब्यात भलतेच काही ठेवावे. साखरफुटाणे खडखडतात आणि पटकन ओळखू येतात. आवळासुपारी डबा हलवला तरी जवळजवळ गप्प राहते. भोपळ्याच्या भाजलेल्या बियांचा आवाज पोह्यांसारखा येतो आणि सर्वांना हमखास फसवतो. सुकेळी ठेवली तर तरुण पिढीला पदार्थ काय, हेच आधी सांगावे लागते आणि त्यावरून वसईच्या केळ्यांपर्यंत गप्पा जातात. असे तीन-चार डबे आदल्या दिवशी वेगवेगळ्या पाहुण्यांना आपापल्या घरून आणायला सांगितले, तर यजमानांनाही ओळखण्यात भाग घेता येतो.

पत्त्यांत बदाम सात हा मिश्र वयाचा खरा खेळ. सगळी पाने वाटायची, बदामाची सत्ती ज्याच्याकडे असेल त्याने ती मांडायची, आणि पुढे त्याच रंगाचे वरचे किंवा खालचे पान अथवा दुसऱ्या रंगाची सत्ती लावत जायचे. लावण्यासारखे काही नसेल तर पास म्हणायचे. ज्याची पाने आधी संपतील तो जिंकला. पाच वर्षांच्या मुलाला आकडे ओळखता आले तरी तो कोणाच्या मांडीवर बसून खेळू शकतो, आणि मोठ्यांना त्यात पुरेसा डावपेच असतो, कारण हातात इस्पिकची छक्की दाबून ठेवून समोरच्या जावयाचे पंजीपासून एक्क्यापर्यंतचे सगळे अडवता येते. चौऱ्याऐंशीच्या आत्याबाई हे किती निर्विकार चेहऱ्याने करतात, ते पाहण्यासाठी मुले मोबाइल खाली ठेवतील, अशी माझी खात्री आहे. सात-आठ जण असतील तर झब्बू घ्यावा. मेंढीकोट उत्तम खेळ असला तरी तो चौघांचाच, आणि ते चौघे एकदा दश्श्या मोजू लागले की बाकीच्या एकवीस जणांना विसरतात. तो चहानंतरसाठी ठेवावा.

भेंड्या आपण खेळत असालच. त्या अर्ध्या तासात कंटाळवाण्या होतात याचे कारण असे, की एका बाजूला बायका आणि दुसऱ्या बाजूला पुरुष, किंवा एकीकडे मोठे आणि दुसरीकडे लहान, असे गट पडतात आणि प्रत्येक गट आपल्याच काळातली तीच दहा गाणी फिरवत बसतो. दोन्ही गटांत प्रत्येक पिढीची माणसे टाकावीत आणि एक जुने, एक नवे असा आळीपाळीचा नियम करावा, म्हणजे आजीला नातीच्या मदतीची आणि नातीला आजीच्या मदतीची गरज पडते. ज्यांना गाणे म्हणायचे नसेल, त्यांचा श्लोक, अभंग, आरतीची ओळ, फार काय जाहिरातीतली ओळही ग्राह्य धरावी. ‘ण’ आला तर ‘न’ आणि ‘ळ’ आला तर ‘ल’ हे आधीच ठरवावे, नाहीतर भेंडी कोणावर चढली याचा वाद दिवाळसणापर्यंत चालतो.

गाण्यांऐवजी नावांची भेंडी हाही एक प्रकार आहे, आणि त्याला पुण्यासारखे गाव नाही. पहिल्याने पत्र्या मारुती म्हटले की दुसऱ्याने सोन्या मारुती म्हणायचे, तिसऱ्याने जिलब्या, चौथ्याने डुल्या, मग भिकारदास, मग उंटाड्या. जो अडला किंवा ज्याने नाव पुन्हा घेतले, त्याच्यावर भेंडी. मारुती संपले की निवडुंग्या, पासोड्या, उपाशी असे विठोबा घ्यावेत. त्यानंतर पेठा, त्यानंतर बंद पडलेली चित्रपटगृहे. मुलांना पहिल्या फेरीत काही येत नाही, दुसऱ्या फेरीपर्यंत सगळे पाठ होते, आणि शनिवार पेठेत बालपण गेलेली मंडळी अमुक मारुती नेमका कोठे यावर आपसांत भांडू लागतात. हे भांडण करमणुकीचाच भाग आहे, त्यामुळे नकाशा उघडून ते लगेच मिटवू नये.

सव्वातीनच्या सुमारास डोळे जड होतात. तेव्हा खेळ थांबवून कोणीतरी दिवाळी अंकातला एखादा विनोदी लेख दहा मिनिटे मोठ्याने वाचावा. दिवाळी अंकाची प्रथा १९०९ साली ‘मनोरंजन’ मासिकाने सुरू केली, तेव्हापासून तो घराघरांत येतो. पण तो एकट्याने वाचायचा अशी सवय अलीकडे झाली आहे. वाचणारा स्पष्ट उच्चारांचा असावा, आणि कोणाला डुलकी लागली तर लागू द्यावी.

शेवटची गोष्ट आपण विचारलेली नाही, तरी सांगते. बायका ओट्याशी असतात, कारण भांडी तेथे असतात. त्या दिवशीचा चारचा चहा पुरुषमंडळींनी करायचा असे सकाळीच जाहीर करावे, अन्यथा वरचे सगळे खेळ निम्म्याच माणसांसाठी होतील.

प्रश्न : माझे वय अठ्ठ्याहत्तर असून मला कमी ऐकू येते. श्रवणयंत्र आहे, पण घरात दहा-पंधरा माणसे जमली की त्याचा उपयोग होत नाही. भेंड्यांच्या वेळी सगळे हसतात. मी काय झाले म्हणून विचारतो, तोवर पुढचे गाणे सुरू झालेले असते. आता मी अशा वेळी फिरायला निघून जातो. सुनेला वाटते मला माणसे आवडत नाहीत. (एक ज्येष्ठ वाचक, सदाशिव पेठ)

उत्तर : आपले पत्र सूनबाईंना वाचायला द्यावे, म्हणजे निम्मे काम होईल. उरलेल्या निम्म्यासाठी कारण समजून घेणे उपयोगाचे आहे. वयोमानाने येणाऱ्या बहिरेपणात आधी उच्च कंपनसंख्येचे आवाज जातात. म्हणजे स, श, फ, थ यांसारखी व्यंजने आणि बायकामुलांचे आवाज अंधूक होतात, पण पुरुषाचा घोगरा आवाज किंवा भांडी पडल्याचा आवाज नीट ऐकू येतो. त्यामुळे घरच्यांना वाटते, यांना हवे तेव्हा ऐकू येते. श्रवणयंत्र जवळच्या बोलण्याबरोबर पंखा, टीव्ही आणि इतर दहा जणांचे बोलणेही मोठे करते. ओरडून बोलल्याने शब्द मोठा होतो, स्पष्ट होत नाही.

म्हणून आपण भिंतीकडे पाठ करून बसावे, म्हणजे मागचा गलबला कमी होतो, आणि खिडकी किंवा दिवा आपल्या मागे असावा, म्हणजे बोलणाऱ्याच्या तोंडावर उजेड पडून ओठ दिसतात. टीव्ही बंद असावा हे तर उघडच आहे. कोणी तरी एकाने, शक्यतो नातवाने, शेजारी बसून गाण्याचा पहिला शब्द पाटीवर किंवा वहीत लिहून दाखवावा. हे काम दहा वर्षांच्या मुलांना फार आवडते.

याशिवाय ज्या खेळांत कानाचे काम नाही, ते आपण स्वतः सुरू करावेत. कॅरममध्ये नऊ काळ्या, नऊ पांढऱ्या आणि एक राणी यांचा हिशेब डोळ्यांनी होतो. चल्लस-आठ हा पाच गुणिले पाच घरांचा पट खडूने फरशीवर किंवा पुठ्ठ्यावर आखता येतो. चार चिंचोके एका बाजूने घासून पांढरे करायचे, चारही पांढरे पडले की चार, चारही काळे पडले की आठ, आणि दोन्ही वेळा पुन्हा डाव मिळतो. आपल्या पिढीतील पुष्कळांना काचापाणी आठवत असेल. बांगड्यांचे तुकडे ओंजळीतून जमिनीवर पसरायचे आणि शेजारचा तुकडा न हलवता एकेक तुकडा बोटाने अलगद बाजूला काढायचा. काचेऐवजी चिंचोके किंवा शेंगदाणे घेतले तर लहान मुलांनाही खेळता येते. तुकडा हलला की नाही हे पाहण्यासाठी सगळे श्वास रोखून खाली वाकलेले असतात, त्यामुळे खोलीत आपोआप शांतता होते. अशा शांततेत आपण एखादी गोष्ट सांगितली तर लोक ऐकतील आणि त्यांनी विचारलेले आपल्याला ऐकूही येईल.

प्रश्न : मी मूळची हुबळीची असून लग्नानंतर वाकडला आले. मराठी समजते, बोलताना अडखळते. प्रत्येक समारंभात सासरचे लोक उखाणा घ्यायला लावतात, माझ्या उच्चारांवर हसतात आणि कोणीतरी त्याचे चित्रण करून कौटुंबिक ग्रुपवर टाकते. त्यांच्या मनात वाईट काही नाही, हे मला माहीत आहे. तरी पोटात गोळा येतो. (एक वाचक, वाकड)

उत्तर : मनात वाईट नसले तरी ज्याला भाग घ्यायचा नाही त्याच्यावर केलेली करमणूक ही करमणूक राहत नाही, हे आधी स्पष्ट म्हणते. चित्रण करून पाठवण्याआधी विचारावे, हे आपल्या यजमानांनी त्या ग्रुपवर लिहावे. ते काम आपले नाही.

पण आपल्या हातात एक चांगले पान आहे. उत्तर कर्नाटकात पतीचे नाव यमकात गुंफून घेण्याची हीच रीत ‘ओडपु’ या नावाने आहे, आणि आपल्या आई-आजीला असे पुष्कळ ओडपु पाठ असतील. पुढच्या वेळी आग्रह झाला की कन्नडमधला ओडपु खणखणीत म्हणावा आणि अर्थ मात्र लगेच सांगू नये. नाव तेवढे सर्वांना ओळखू येईल, बाकीचे त्यांना ओळखायला लावावे. सोलापूर, सांगलीकडची एखादी वयस्कर नातेवाईक असेल तर तिला कन्नड समजण्याचा पुष्कळ संभव आहे, आणि ती त्या दिवसापासून आपल्या बाजूची होईल. त्यानंतर यजमानांनीही आपल्या नावाचा उखाणा घ्यावा असे सुचवावे. पुरुष किती अडखळतात ते मग सर्वांना दिसेलच.

प्रश्न : आमच्या सोसायटीत कोजागरीला गच्चीवर सर्व कुटुंबे आपापल्या पाहुण्यांसह जमतात. गेल्या वर्षी रात्री साडेअकरापर्यंत मोठ्याने गाणी लावल्यामुळे तक्रार झाली आणि पुढे वर्षभर अबोला राहिला. यंदा काय करावे? (सोसायटीचे एक सभासद, बिबवेवाडी)

उत्तर : ध्वनिप्रदूषण नियम २००० नुसार रात्री दहा ते सकाळी सहा या वेळेत उघड्यावर ध्वनिक्षेपक लावता येत नाही. सणासुदीसाठी राज्य शासन वर्षातून फार तर १५ दिवस मध्यरात्रीपर्यंत सवलत देऊ शकते, पण ते दिवस जाहीर झालेले असतात आणि आपली कोजागरी त्यांत आहे का, हे पाहावे लागते. निवासी भागासाठी आवाजाची मर्यादा दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल आहे. म्हणजे ध्वनिक्षेपक नसला तरी शंभर माणसांनी एका सुरात गाणे म्हटले की ती ओलांडली जाते.

माझे मत विचाराल तर कोजागरीला ध्वनिक्षेपकाची गरजच नाही. साडेआठ ते साडेनऊ हाऊसी घ्यावी. गच्चीवरच्या गर्दीसाठी तिच्याइतका सोपा खेळ नाही. तिकिटावर २७ घरे आणि १५ आकडे, पुकारायचे आकडे १ ते ९०. पुकारणाऱ्याने प्रत्येक आकडा दोनदा म्हणावा आणि मोठ्या पुठ्ठ्यावर लिहून तो उंच धरावा, म्हणजे आवाज चढवावा लागत नाही. तिकिटाला पैसे घेऊ नयेत, बक्षीस म्हणून बाकरवडीचा पुडा पुरतो. दहानंतर दूध आटेपर्यंत गच्चीचे दिवे मालवून आकाश पाहावे. पौर्णिमेच्या चंद्रावर सावल्या पडत नसल्यामुळे दुर्बिणीतून विवरे नीट दिसत नाहीत, आणि उजेडामुळे बारीक तारेही लोपतात, पण अभिजित वायव्येला आणि श्रवण पश्चिमेला चांगले दिसतात. लहान मुलांना गच्चीच्या कठड्यापासून दूर ठेवण्यासाठी दोन प्रौढांना नेमून द्यावे; दिवे मालवल्यावर हे अधिकच आवश्यक आहे.

प्रश्न : माझ्या वडिलांचे वर्षश्राद्ध नोव्हेंबरमध्ये आहे. आम्ही मूळचे नारायण पेठेतले. वाडा पाडून आता इमारत झाली आहे. त्या दिवशी सुमारे तीस नातेवाईक येतील. जेवणानंतर सगळे अवघडून बसतात, मुलांना तर दिवस सरत नाही. अशा दिवशी काही करमणूक करणे योग्य दिसेल का? (एक वाचक, कर्वेनगर)

उत्तर : पत्ते कुटणे कोणाला तरी खटकेल, म्हणून ते टाळावे. परंतु वर्ष सरले आहे, आणि ज्यांच्यासाठी लोक जमले त्यांच्याविषयी बोलण्यात कोणाचा अवमान नाही. जुने फोटो काढावेत. ते अल्बममधून एकेक करून फिरवले तर दोन पाने उलटल्यावर लोकांचे लक्ष उडते. त्याऐवजी वीस-पंचवीस फोटो निवडून टेबलावर पसरावेत, प्रत्येकाखाली कोरा कागद ठेवावा, आणि ज्याला जे ओळखू येईल ते त्याने लिहावे : माणूस कोण, जागा कोणती, साल कोणते, फोटो कोणी काढला असेल. पुढचा माणूस आधीचे खोडू शकणार नाही, फक्त खाली आपले लिहील. तासाभराने कागद मोठ्याने वाचावेत. एकाच मुंजीच्या फोटोखाली चार वेगवेगळी साले निघतात, आणि मागच्या रांगेतल्या टोपीवाल्या गृहस्थांना तिघे तीन नावांनी ओळखतात.

मुलांना दुसरे काम द्यावे. पाडलेल्या वाड्याचा नकाशा त्यांनी मोठ्या कागदावर काढावा आणि प्रत्येक वडीलधाऱ्या माणसाकडे जाऊन विचारावे, की चौक कोठे होता, आड कोठे होता, भाडेकरू कोणत्या खोलीत राहत. नारायण पेठ नदीकाठची असल्यामुळे १२ जुलै १९६१ विषयी अवश्य विचारायला सांगावे. त्या दिवशी पानशेतचे धरण फुटले, त्या लोंढ्यापुढे खडकवासल्याचेही टिकले नाही, आणि पुण्याच्या नदीकाठच्या पेठांत पाणी शिरले. तेव्हा जी मुले दहा-बारा वर्षांची होती, ती आज पंचाहत्तरीच्या आसपास आहेत आणि पाणी कोणत्या पायरीपर्यंत आले, कोणी कोणाला वर ओढून घेतले, हे बारकाव्यांनिशी सांगतात. मुलांनी ते मोबाइलवर ध्वनिमुद्रित करावे, पण फोन समोर रोखून धरू नये. तो टेबलावर पालथा ठेवला की सांगणारा मोकळा होतो.

फोटोंच्या मागे नावे लिहायची असतील तर मऊ शिसपेन्सिलीने, हलक्या हाताने, डावीकडून उजवीकडे या क्रमाने लिहावीत. बॉलपेनचा दाब पुढच्या बाजूला उमटतो. चिकट पानांच्या अल्बममध्ये घट्ट बसलेले फोटो ओढून काढू नयेत, पानासकटच त्यांचे चित्र घ्यावे, तेही खिडकीच्या उजेडात आणि फ्लॅश न वापरता.

प्रश्न : मी नववीत आहे. घरी पाहुणे आले की सगळे म्हणतात मोबाइल ठेव, आणि स्वतः काका लोक मोबाइलच बघतात. शिवाय मला गिटार वाजवून दाखव म्हणतात. मला नको वाटते. मी काय करू? (एक विद्यार्थी, सहकारनगर)

उत्तर : तुझे काकांविषयीचे निरीक्षण बरोबर आहे आणि ते आम्ही मुद्दाम छापत आहोत. गिटारचे म्हणशील, तर नको असल्यास एकदाच हसून नाही म्हण आणि कारण देऊ नकोस. कारण दिले की मोठी माणसे त्या कारणावर उपाय सुचवू लागतात. पालकांनाही येथेच सांगते, की मुलांच्या कला पाहुण्यांपुढे मांडण्याची आपल्याकडची हौस जुनी असली तरी ती मुलांची हौस नसते.

मात्र नुसते बसून राहण्यापेक्षा तू एखादे काम अंगावर घे. कॅरमचे गुण लिही, हाऊसीचे आकडे पुकार, दमशेराजसाठी चित्रपटांच्या चिठ्ठ्या तयार कर. चिठ्ठ्या तुझ्या हातात असल्या की त्यांत निम्मी नावे आजोबांना माहीत असलेली आणि निम्मी तुला माहीत असलेली घालता येतात. काम करणाऱ्या माणसाला कोणी मोबाइल ठेव म्हणत नाही.

प्रश्न : दिवाळीत माझे पती, दीर आणि त्यांचे चुलतभाऊ पैसे लावून तीन पत्ती खेळतात. रकमा लहान असतात, पण हरलेला माणूस जेवताना बोलत नाही आणि मुले सगळे पाहत असतात. विरोध केला तर मी रसभंग करते असे म्हणतात. (एक वाचक, हडपसर)

उत्तर : रक्कम लहान असूनही माणूस जेवताना बोलत नसेल, तर रस आधीच भंगलेला आहे, तो आपण भंगला नाही. बंदी घालण्याऐवजी पैशांच्या जागी चिंचोके ठेवावेत. प्रत्येकाला सारखे वाटून द्यावेत आणि उठताना सगळे डब्यात परत घ्यावेत. यावर ‘मग मजा काय’ असे उत्तर आले, तर त्यांना मेंढीकोटाला बसवावे. त्यात चारही दश्श्या एकाच बाजूला गेल्या की समोरच्यांवर कोट चढतो, आणि तो कोट पन्नास रुपयांपेक्षा जास्त झोंबतो, हे खेळणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक आहे. फरक एवढाच, की मेंढीकोटात हरणारे नेहमी दोघे असतात आणि त्यांना एकमेकांना दोष देता येतो, त्यामुळे जेवताना बोलणे बंद होत नाही, उलट वाढते. जोड्या पाडताना सख्खे भाऊ समोरासमोर, म्हणजे भिडू म्हणून, बसवावेत.